हाजी खलफच्या घरचं मीठ

हाजी खलफने वासरू कापलंय हे मला कोणी सांगितलं नाही, त्याच्या घराच्या कोपऱ्यावर वळलो तेव्हा वासानेच कळलं. तोवर मी मनातल्या मनात सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती. कोण कुठे बसेल, आधी कोण बोलेल, कोणी कितपत मान खाली घालायची. वासरू मात्र माझ्या हिशोबात नव्हतं. आमचा मोठा उपास चालू होता. ईस्टरपर्यंत मांस नाही, दूध नाही, अंडंही नाही. शिजवलेला वाल, डाळ, तेलातली वांगी, लोणचं, एवढ्यावर दिवस काढायचे. कोम नख्लात, आमच्या गावात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवसांत कसाई आमच्या दारावरून जाताना उसासे टाकतो.

आमचे पाद्री, अबूना तादरुस, शेजारच्या गावाहून या बैठकीसाठी मुद्दाम आले होते, कारण आमच्या गावात चर्च नाही. ते उंबऱ्यातच थांबले, दाढीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वासरू," मी म्हटलं.

"कळलं. चल आत."

आमच्या मागे वनीस होता. त्याचं लक्ष वासाकडे नव्हतं. तो दिवाणखान्याच्या भिंतीकडे बघत होता. ती भिंत त्यानेच बांधलेली. खरं म्हणजे या गावात उभं राहून भिंतींकडे बघायचं म्हटलं तर वनीसला मान खाली घालायला वेळच मिळू नये. तो गवंडी. मशिदीच्या मिनाराचा पाया भरताना त्याचे हात होते, शाळेच्या संडासालाही त्याचेच.

मी बुशरा, शिंपी. गावातल्या दोन्ही धर्मांच्या पोटांचा घेर माझ्या टेपने मोजलेला आहे. कोण दरवर्षी आपली गलाबिया, म्हणजे पायघोळ अंगरखा, सैल करून घेतो आणि धुतल्यावर आटली म्हणतो, कोण सुतकातच लग्नाचं कापड घेऊन येतो, कोण दुकानात भाऊ म्हणतो आणि रस्त्यात तोंड फिरवतो, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. कोणाच्या मयताला कोण आलं होतं तेही. म्हणून गावात असं काही घडलं की आमचे लोक मला पुढे करतात. ते म्हणतात, बुशरा शहाणा आहे. खरं कारण एवढंच की माझं दुकान रस्त्यावर आहे आणि पळून जाऊन मी कुठे जाणार हे सगळ्यांना माहीत आहे.

घडलं ते असं. वनीसच्या मुलाचं, करासचं, लग्न ईस्टरनंतरचं धरलं होतं. उपासात आमच्यात लग्न लागत नाही, त्यामुळे वनीसच्या हाताला वेळ होता. त्याने घरावर मजला चढवायला घेतला. दोन खोल्या, मोरी आणि पूर्वेच्या भिंतीत एक कोनाडा. आमच्या प्रत्येक घरात पूर्वेला असा कोनाडा असतो, त्यात मरियमची तसबीर आणि तेलाचा दिवा. आमच्या गवंड्याला पूर्वेची भिंत सपाट बांध म्हटलं तर त्याचे हात अडतील. वनीसने दुसऱ्यांच्या घरांत आयुष्यभर सपाट भिंती बांधल्या, त्यामुळे स्वतःच्या मुलाच्या खोलीत जरा हौस केली. कोनाड्याला वरून कमान काढली. मी त्याला म्हटलं होतं, वनीस, कमान कशाला, सुनेला काय राजवाड्यात आणतोयस का. तो म्हणाला, फार सुंदर आहे रे पोरगी. झालं, विषय संपला.

तीच कमान समोरच्या गच्चीवरून कोणीतरी मोबाइलमध्ये टिपली. जुम्म्याच्या दिवशी नमाज सुटायच्या आत गावभर झालं की कमान चर्चची आहे, वनीस चोरून चर्च बांधतोय. पुढचं काय सांगू. दगड आले, मग रॉकेल आलं. खालच्या घराचं सामान जळलं, दोन बकऱ्या नेल्या, लग्नाच्या गाद्या कालव्यात तरंगल्या. शेजारची उम्म सईद विधवा, हाजीच्या घरी स्वयंपाकाला असते. तिने वनीसच्या बायकोला, दिमयानाला, गच्चीवरून ओढून स्वतःच्या घरात घेतलं आणि दाराला पाठ लावून बसली. बाहेर तिचा स्वतःचा पुतण्या ओरडत होता. तिने दार उघडलं नाही. हे मी तिच्या नावावर लिहून ठेवलंय, आणि ते कधी खोडायचं नाही.

पोलीस आले ते आग विझल्यावर. त्यांनी पाच पोरं धरली. आणि करासलाही धरलं. करास तेव्हा घागरीने पाणी ओतत होता. तुम्हाला वाटेल, त्याला कशाला? आमच्याकडे तराजू असाच धरतात. इकडच्या पारड्यात जाळणारे, तिकडच्या पारड्यात ज्याचं जळलं तो. मग दोन्हीकडची माणसं आत असली की दोन्हीकडचे बाहेर समेटाची भाषा बोलू लागतात. पाच पोरं दोन रात्रींत जामिनावर घरी आली. करास मात्र आतच राहिला, बैठक होईपर्यंत.

पोरांचं मागणं एकच होतं. वनीसने बिऱ्हाड उचलायचं आणि गाव सोडायचं. बाकी सगळं माफ.

त्यावर हाजी खलफ माझ्या दुकानात आला. माझ्या कापड बेतायच्या फळीवर बसला, जिथे मी दुसऱ्या कोणाला बसू देत नाही. आम्ही एका शाळेत होतो. तो मला अरे-तुरे करतो, मी त्याला हाजी, तुम्ही म्हणतो. वयाने मीच मोठा आहे. त्याने पायातल्या चपला काढल्या, म्हणजे लांब बोलणार.

"बुशरा, हे मी मिटवतो," तो म्हणाला. "दोन्ही बाजू माझ्या घरी येतील, माझ्या ताटात जेवतील. एकदा दोघांच्या पोटात माझं मीठ गेलं की मग वनीसला गावातून कोण काढतो तेच मी बघतो."

ही त्याची नुसती बढाई नव्हती. आमच्याकडे एका ताटातली भाकर आणि मीठ खाल्लेली माणसं एकमेकांवर हात उगारत नाहीत. उगारला तर त्यांच्या पोरींना कोणी मागणी घालत नाही. कोर्टाचा निकाल गावाच्या वेशीपर्यंत येतो आणि तिथे थबकतो, पण मीठ थेट चुलीपर्यंत जातं. हाजीच्या बापाने असेच दोन खुनांचे वाद मिटवले होते, आणि ती घराणी आजही एकमेकांना कणसं पाठवतात. मी तो शब्द उचलला आणि मागच्या खोलीत गेलो. वनीस आणि दिमयाना तेव्हा आमच्याकडेच होते.

वनीसने ऐकून घेतलं. त्याच्या भुवया जळाल्या होत्या, त्यामुळे तो सतत आश्चर्याने बघतोय असं वाटायचं. "एवढ्यावर राहू देतील?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "हाजीचा शब्द आहे."

"मग तक्रार मागे घेतो. मजला पाडतो. माझ्या हाताने पाडतो. फक्त इथून उठवू नका म्हणावं. मला दुसरीकडची माती ओळखत नाही."

दिमयाना मागे बसली होती. ती वाल निवडत होती आणि निवडलेले पुन्हा न निवडलेल्यांत टाकत होती.

बैठकीचा दिवस हाजीनेच ठरवला. गुरुवार.

तर आम्ही आत गेलो. मधल्या जागी हाजी, त्याच्या उजवीकडे चौकीवरचा साध्या कपड्यातला अधिकारी. तो पाहुणा म्हणून आला होता, असं त्याने स्वतःच तीनदा सांगितलं. समोरच्या बाकावर ती पाच पोरं, धुतलेल्या कपड्यांत. त्यांतल्या तीन गलाबिया माझ्या हातच्या. त्यांच्यात पुढे बसलेला हमदान, हाजीचा सख्खा भाचा. पाच-सहा वर्षं तो वनीसच्या हाताखाली गिलावा शिकला. त्याचा हात चांगला आहे, हे वनीसनेच मला कौतुकाने सांगितलं होतं. तो वनीसला उस्ताद म्हणायचा. त्या दिवशी तो वनीसच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत बसला. भिंतीचं काम खरोखरच बघण्यासारखं होतं.

बोलणं ठरल्याप्रमाणे झालं. अधिकारी म्हणाला की या देशात सगळे भाऊभाऊ आहेत. अबूना म्हणाले की हो, आहेत. हाजीने मग अटी सांगितल्या: वनीस तक्रार मागे घेईल, वरचा मजला उतरवेल, कोनाडा बुजवेल; पोरांवरचा आणि करासवरचा मामला संपेल; कोणी कोणाकडे भरपाई मागणार नाही. हे शेवटचं वाक्य ऐकताना मला त्या दोन बकऱ्या आठवल्या. वनीस उठला, बाकाकडे गेला आणि पाचही पोरांच्या खांद्यांचं चुंबन घेतलं. माफी त्याने मागितली. कशाची ते कोणी विचारलं नाही.

"आणि त्याच्या राहण्याचं?" मी विचारलं.

हाजीने हात वर केला. "आधी जेवण."

मला बरं वाटलं. जेवण म्हणजे तेच तर उत्तर होतं.

परातीवर परात आली. भाताचे ढीग, वर वासराचं मांस, रस्सा, गरम भाकरी, मिठाची वाटी. आमच्या परातीभोवती हाजी, अधिकारी, अबूना, वनीस आणि मी. पोरांची परात पलीकडे. उम्म सईद वाढत होती. ती वाकली, वनीसच्या गुडघ्यापाशी एक लहान वाडगा ठेवला आणि निघून गेली. वाडग्यात घोटलेला हिरवा वाल होता, वर तेलात तळलेला कांदा. उपासाचं. कोणी सांगितलं नसताना तिने वेगळ्या भांड्यात शिजवलं होतं. म्हणजे त्या घरात उपासाची आठवण होती. ती स्वयंपाकघरापर्यंतच पोचली होती, की तिथूनच निघाली होती, देव जाणे.

वनीसचा चेहरा उजळला. तुम्हाला त्याचं उपासाचं वेड सांगितलं पाहिजे. टायफॉइड झाला तेव्हा डॉक्टरने दूध सांगितलं, तर हा पोरांना दूध पाजून रिकामा पेला दाखवायचा. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात तुपाचा वास आला म्हणून करंज्या हुंगून परत ठेवल्या होत्या. माझी बायको ते अजून विसरलेली नाही. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, मिठाला लावला आणि वाडग्याकडे हात नेला. मीठही खाल्लं गेलं असतं आणि उपासही राहिला असता. उम्म सईदने दोन्ही बाजू जुळवून दिल्या होत्या.

अधिकारी हसला. "काय काका, हाजींचं वासरू पसंत नाही वाटतं? वेगळं ताट लागतं?"

तो सहज बोलला असेल. अशा माणसांचं सहज बोलणंच महाग पडतं. परातीभोवतीचे हात थांबले. पलीकडे हमदानने मान वळवली. हाजीच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो, की तो आता म्हणेल, असू दे, त्यांचा उपास आहे. तीन शब्दांचं काम होतं. त्याने मांसाचा एक मोठा, चांगला तुकडा उचलला आणि आपल्या हाताने वनीससमोर ठेवला.

अबूना माझ्या पलीकडून वाकले. "खा, वनीस," ते हळूच म्हणाले. "पाप माझ्या मानेवर." आणि त्यांनी स्वतः आधी घास घेतला. मग मी घेतला. खोटं कशाला बोलू, मांस उत्तम शिजलं होतं. इतक्या दिवसांनी तोंडात चरबी गेली की जीभ धर्म विचारत नाही.

वनीसने हातातला मीठ लावलेला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मांस उचललं. ते त्याने बराच वेळ चावलं, जणू पलीकडे काही निघेल. गिळलं. दुसरा घास घेतला, कारण एक घास खाल्ला तर औपचारिक वाटतो. तिसराही घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा हाजी म्हणाला, मिरी जरा जास्त झाली, आणि सगळे हसले. मीही हसलो. माझ्या डोक्यात बेरीज पूर्ण होत आली होती: वनीसच्या पोटात हाजीचं मीठ गेलं, आता पोरांच्या पोटात गेलं की संपलं.

मी त्यांच्या परातीकडे पाहिलं.

भाताचा ढीग होता तसाच होता. मांसावरची चरबी थिजायला लागली होती. पाचही जणांचे हात गुडघ्यांवर.

हाजीनेही पाहिलं. "काय रे, हात का आखडले?"

"आमचा रोजा आहे, मामा," हमदान म्हणाला. अगदी मऊ आवाजात, मोठ्यांशी बोलावं तसं. "गुरुवार आहे ना."

गुरुवारचा रोजा. सक्तीचा नव्हे, हौशीचा. भाविक माणसं सोमवार-गुरुवार धरतात. या पाच जणांनी आजवर कधी धरला होता, याची नोंद माझ्याकडे नव्हती. त्यांतल्या दोघांना मी मागल्या गुरुवारी कालव्यावर मक्याची कणसं खाताना पाहिलं होतं. पण आज धरला होता, आणि पाचही जणांनी.

आता एक गोष्ट मला माहीत होती. असा हौशीचा रोजा यजमानाच्या मानासाठी मोडता येतो. मोडलेला चालतो. मी काही मदरशात शिकलो नाही. पण मशिदीचा कर्णा माझ्या दुकानाच्या बरोबर वर आहे, आणि शिलाईयंत्राला कान नसले तरी मला आहेत. तिथले मौलवी हे दरवर्षी सांगतात. हाजीला तर ते माझ्याआधी माहीत असणार. तो मक्केला जाऊन आलाय. नुसतं म्हणायचं होतं, पोरांनो, माझ्या मानासाठी एक घास. वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं. आणि मग मला दिसलं की मी कुठे बसलोय. ज्या गावात भिंतीतल्या कोनाड्याचं चर्च झालं, त्या गावात ख्रिस्ती शिंप्याने मुसलमान पोरांना रोजा कधी मोडावा हे शिकवायचं? त्याचं काय झालं असतं याचं माप माझ्या टेपवर मावत नव्हतं. मी ते वाक्य वासराबरोबर गिळलं.

हाजी क्षणभर चावायचा थांबला. मग म्हणाला, "अल्ला कबूल करो."

एवढंच. मग त्याने पुढचा घास घेतला.

आम्ही आमचा उपास मोडला होता. त्यांनी त्यांचा पाळला होता. मीठ एकाच बाजूच्या पोटात गेलं होतं, आणि वनीसला ते अजून कळलं नव्हतं. तो माझ्याकडे आशेने बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

चहा आला. पोरांनी तोही घेतला नाही. मग हमदान उठला आणि मामाच्या कानाशी न जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. माफ केलं, तो म्हणाला, समेट मान्य. पण आमच्या पोटात या घरचं मीठ गेलेलं नाही, तेव्हा गावातली बाकीची पोरं उद्या काय करतील त्याला आम्ही बांधलेले नाही. रक्त थंड होईपर्यंत उस्तादांनी बाहेर राहावं. उस्ताद शब्द त्याने वापरला. अधिकाऱ्याने लगेच मान हलवली. त्यांच्याच सुरक्षिततेसाठी, तो म्हणाला, आणि पुढे असंही म्हणाला की करासला गावात सोडणं बरं दिसणार नाही, त्याला मोठ्या रस्त्यावर सोडू, टेम्पो निघेल तेव्हा.

वनीसने विचारलं, "किती दिवस?"

हाजीने हात धुवायला पाणी मागितलं.

मी त्याला ओट्यावर गाठलं. म्हटलं, हाजी, तुम्ही शब्द दिला होता. तो ओले हात पुसत होता, एकेक बोट सावकाश.

"मी काय करू, बुशरा? त्यांनी रोजा धरला. रोजा मोड म्हणून कसं सांगू? तूच सांग. तुम्ही लोक उपासाचे एवढे कडक, तुला तर कळायला हवं."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला उपास आठवत होता.

हे मी नंतर खूपदा मांडून बघितलं. वासरू त्याने कापलं ते आमच्या उपासात, गुरुवार निवडला तोही त्यानेच. एका बाजूने बघितलं तर सगळं ठरवून केलेलं. दुसऱ्या बाजूने बघितलं तर तो पाहुण्यांसमोर वासरू कापणारा, भाच्यासमोर तोंड न उघडणारा, एक साधा घाबरट म्हातारा. बेरीज कुठूनही केली तरी खाली वनीसचंच नाव येतं, म्हणून मी ती सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. वर चढवायला फार काही नव्हतं. अर्धी जळूनही शिलाई न सुटलेली एक गादी, भांडी, वनीसचा ओळंबा आणि थापी, चादरीत गुंडाळलेली मरियमची तसबीर. उम्म सईद दारात उभी राहिली नाही, ते तिला परवडलं नसतं. पण तिने चार कोंबड्या आगीच्या दिवसापासून स्वतःच्या खुराड्यात ठेवल्या होत्या, त्या टोपलीत घालून माझ्या बायकोकडून पाठवल्या. दिमयाना टोपली मांडीवर घेऊन पुढे बसली. तिने घराकडे पाहिलं नाही. म्हणाली, कोंबड्यांना उन्हात पाणी लागेल.

किल्ली हाजीने मागून घेतली. अमानत म्हणून. परत याल तेव्हा घर जसंच्या तसं मिळेल, तो म्हणाला, आणि वनीसने ती त्याच्या हातात ठेवली, दोन्ही हातांनी.

अबूना निरोपाला आले होते. वनीस त्यांच्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आशीर्वाद मागेल.

"अबूना, तो मोडलेला दिवस भरून काढता येतो का?"

"तू घरासाठी मोडलास," अबूना म्हणाले. "देव हिशोब जाणतो."

"घर तर गेलं. मग तो दिवस तरी मला परत द्यायला सांगा त्याला."

अबूनांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून उभे राहिले.

करास मोठ्या रस्त्यावर मिळाला. त्याची होणारी सासुरवाडी आता थांबा म्हणते आहे. पोरगी सुंदर आहे, तिला थांबायची गरज नाही. वनीस कैरोच्या कडेला कुठल्याशा वस्तीत, एका चुलतभावाच्या खोलीत राहतो आणि दुसऱ्यांच्या इमारतींत विटा चढवतो. त्याचा फोन सुरुवातीला रोज यायचा. विचारायचा, रक्त थंड झालं का? मी म्हणायचो, होतंय. आता क्वचित येतो, आणि आला तरी तो ते विचारत नाही. पावसाचं विचारतो, आमच्याकडे पाऊस पडतच नाही तरी.

ईस्टर झाला. त्यानंतर हमदान दुकानात आला, नव्या गलाबियाचं माप द्यायला. मी माप घेतलं. खांदे रुंद झालेत. बोलता बोलता म्हणाला की घर रिकामं ठेवलं की खराब होतं, म्हणून मामांनी त्याला तिथे राहायला सांगितलंय. राखण म्हणून. वरचा मजला पाडायचं राहूनच गेलं, तो म्हणाला, पाडायला खर्च येतो. उलट त्याने वर छत घातलं. उस्तादांचं काम पक्कं आहे हो, भिंतीला कुठे तडा नाही.

"या ना बुशराकाका," तो म्हणाला, "माप घेतलंच आहे तर जेवूनच जा. आपलंच घर आहे."

नको म्हणायला कारण सापडलं नाही. दुकान रस्त्यावर आहे. मी त्याच्यामागून जिना चढलो. खोली स्वच्छ होती, पूर्वेकडून ऊन आत येत होतं. त्याच्या बायकोने खाली चटई टाकली, पनीर, टोमॅटो आणि गरम भाकरी ठेवली. उपास संपला होता, मला पनीर चालत होतं. तो दिवस गुरुवार नव्हता, त्याला सगळंच चालत होतं. हमदानने भाकर मोडली, अर्धी माझ्या हातात दिली, टोमॅटो चाखला आणि म्हणाला, अळणी आहे.

मग बसल्या जागेवरूनच मागे हात केला आणि कमानीच्या कोनाड्यातून मिठाची वाटी काढली.

त्याने आधी माझ्या भाकरीवर मीठ घातलं, मग स्वतःच्या. आम्ही दोघं पोटभर जेवलो.